जळालेले दफ्तर आणि गावोगावच्या नकला : बॅकअपची सातारा-सांगलीकडची कथा

१/ १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला. गडावरची माणसे कैद झाली, खजिना गेला, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, जिचा हिशेब आपण सहसा मांडत नाही : राज्याचे दफ्तर. छत्रपती शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीतील सरकारी कागदांचा बहुतांश भाग या धामधुमीत नष्ट झाला, असे इतिहासकार मानतात.

२/ त्यानंतर सुमारे अठरा वर्षांनी, १२ जानेवारी १७०८ रोजी, साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. राजधानी नवी, छत्रपती मोगलांच्या कैदेतून नुकतेच सुटून आलेले, आणि दाराशी वतनदारांची रीघ. कोणी देशमुखी सांगतो, कोणी पाटीलकी, कोणी इनाम जमीन. कोणाजवळ जिंजीहून राजाराम महाराजांनी दिलेले पत्र, कोणाजवळ मोगलांचे, कोणाजवळ ताराबाईसाहेबांचे. खरे कोणाचे मानावे? पडताळून पाहावे, तर जुने सरकारी दफ्तरच हाती नाही. मग राज्य चालले कशावर?

३/ ते चालले गावोगावच्या नकलांवर. आजचा धागा या नकलांविषयी आहे, आणि त्यांच्या आजच्या वारसाविषयी : व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी. या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जी नवी वैशिष्ट्ये आली, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी असलेला प्रश्न सातारा, वाई, मिरज आणि सांगली या टापूने कधी ना कधी सोसलेला आहे.

४/ प्रथम व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते पाहू. एका खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक संगणक उभे करता येतात. प्रत्येकाला वाटते की आपण स्वतंत्र आहोत; प्रत्यक्षात सारे एकाच यंत्राचे भाडेकरू. त्यांना जागा वाटून देणाऱ्या कारभाऱ्यास हायपरवायझर म्हणतात. ही कल्पना आयबीएमने १९६० च्या दशकात मोठ्या संगणकांवर प्रत्यक्षात आणली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने ती साध्या संगणकांवर रुळवली.

५/ यातून एक विलक्षण गोष्ट घडली. अख्खा संगणक, त्याच्या कार्यप्रणालीसह आणि नोंदींसह, डिस्कवरच्या मोजक्या फायलींत मावू लागला. बँकेचा, रुग्णालयाचा वा तहसील कचेरीचा सर्व्हर म्हणजे आता काही फायली. म्हणजे सारे दफ्तर एका पेटाऱ्यात. पेटारा उचलून दुसरीकडे नेणे सोपे झाले. आणि पेटारा जळाला तर सारेच जाणे, हेही तितकेच सोपे झाले. रायगडाचा प्रश्न नव्या रूपात परत आला.

६/ आता मराठेशाहीतील कागदांकडे वळू. वतनाचे वा इनामाचे पत्र वाचताना शेवटच्या ओळींकडे अवश्य लक्ष द्यावे. तिथे पुष्कळदा अंमलदारांना एक ठरावीक आज्ञा आढळते : दरवर्षी नव्या पत्राची मागणी करू नये, या पत्राची तालीक लिहून घ्यावी आणि असल पत्र ज्याचे त्याला परत द्यावे. तालीक म्हणजे नक्कल, असल म्हणजे मूळ.

७/ ही आज्ञा वरवर रूक्ष वाटते, पण तिच्यात पूर्ण व्यवस्था आहे. मूळ पत्र वतनदाराच्या घरी, नक्कल परगण्याच्या कचेरीत, नोंद सरकारी दफ्तरात. एकच मजकूर, तीन जागा, तीन वेगवेगळे राखणदार. एक जागा पडली तरी उरलेल्या दोन बोलू शकतात. वाई, कऱ्हाड आणि मिरज प्रांतांतील कितीतरी घराण्यांचे जुने हक्क पुढे सिद्ध झाले ते याच पद्धतीमुळे.

८/ संगणकक्षेत्रात आज याला ‘३-२-१’ चा नियम म्हणतात : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. तो सुटसुटीत सूत्रात मांडण्याचे श्रेय अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांना दिले जाते. संगणकशास्त्रज्ञाला नव्हे, छायाचित्रकाराला हे सुचावे, यात आश्चर्य नाही. ज्याचे मूळ पुन्हा निर्माण करता येत नाही, त्यालाच नकलेची किंमत कळते.

९/ शाहूकाळाच्या आरंभी घडले ते याहून पुढचे होते. मूळ दफ्तर पुन्हा जुळेपर्यंत कारभार थांबवून ठेवता येणार नव्हता. म्हणून लोकांनी आणलेली पत्रे पाहून, गोतसभेत साक्षी घेऊन, महजर करून नव्या सनदा दिल्या गेल्या. महजरावर शेतकरी नांगराची निशाणी करी, इतर बलुतेदार आपापल्या हत्याराची. कागद नसेल तिथे गावाची स्मृती हीच प्रत. राज्य नकलांवरूनच चालू ठेवले गेले आणि चालता चालता नवे दफ्तर उभे राहिले.

१०/ बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये हीच सोय २०१० च्या सुमारास आली. वीम या कंपनीने त्या वर्षी आपल्या पाचव्या आवृत्तीत ‘तत्काळ पुनःस्थापना’ आणली. तोवर सर्व्हर बिघडला, तर बॅकअपमधील सारा डेटा आधी मूळ जागी उतरवावा लागे. त्यात तास, प्रसंगी दिवस जात. नव्या पद्धतीत व्हर्च्युअल मशीन थेट बॅकअपच्या फायलीवरूनच सुरू होते. लोकांचे काम काही मिनिटांत चालू होते, आणि मूळ जागी डेटा हलवण्याचे काम मागाहून सावकाश होत राहते.

११/ पुढचा प्रश्न : नक्कल किती वेळा करावी? मराठी दफ्तराचे उत्तर होते ‘रोज’. रोजकीर्दीत त्या त्या दिवसाचा जमाखर्च आणि हुकूम लिहिले जात. रोजकीर्दीवरून खतावणी होई आणि वर्षअखेर ताळेबंद बांधला जाई. सारे दफ्तर रोज नव्याने उतरवून काढण्याची कोणाला गरज नव्हती. आज काय बदलले तेवढेच लिहायचे, आणि सबंध चित्र त्यांतूनच जुळवायचे.

१२/ व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपला ही शिस्त लागायला २००९ उजाडले. त्यापूर्वी आज काय बदलले हे शोधण्यासाठी सॉफ्टवेअर दर रात्री पूर्ण डिस्क चाळून काढी. २००९ मध्ये व्हीएमवेअरच्या व्हीस्फीअर ४ मध्ये ‘बदललेल्या ठोकळ्यांची नोंद’ ही सोय आली. डिस्कचा कोणता भाग बदलला, याची टिपणी हायपरवायझर स्वतःच ठेवू लागला. बॅकअपचे सॉफ्टवेअर ती टिपणी मागते आणि तेवढाच भाग उचलते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये अशीच सोय २०१६ च्या विंडोज सर्व्हरबरोबर आली.

१३/ रोजकीर्दीचा दोष मात्र दफ्तर चाळणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक असतो. मधली पाने वाळवीने खाल्ली, तर पुढच्या आकड्याचा मागच्याशी मेळ बसत नाही. रोजच्या बदलांच्या बॅकअपचेही तसेच. ती साखळी असते; एक कडी तुटली की पुढच्या साऱ्या निरुपयोगी. म्हणून नव्या सॉफ्टवेअरमध्ये अधूनमधून साठवलेल्या प्रतींमधूनच एक पूर्ण प्रत बांधली जाते. मूळ यंत्राला त्याचा त्रास होत नाही. याला ‘संश्लेषित पूर्ण बॅकअप’ म्हणतात. जुन्या भाषेत सांगायचे, तर रोजकीर्दीवरून बांधलेला ताळेबंद.

१४/ आता या धाग्यातील सर्वांत कडू प्रसंग. १८१८ मध्ये मराठी सत्ता संपली आणि साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांची मर्यादित अधिकारांची गादी इंग्रजांनी स्थापली. तिथे कारभार पाहण्यास जेम्स कनिंगहॅम ग्रँट डफ हा अधिकारी आला आणि १८२२ पर्यंत राहिला. त्याने बखरी, पत्रे, हकिकती जमवल्या, नकला करवल्या, आणि त्यांच्या आधारे लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला.

१५/ आपण वापरलेल्या अनेक हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्या आहेत, असे ग्रँट डफने आपल्या टिपांत नमूद केले. म्हणजे बॅकअप झाला होता आणि त्याची नोंदही होती. पुढे मराठी अभ्यासक तो शोधू लागले, तेव्हा तो संच त्यांच्या हाती लागला नाही. त्यातून ‘ग्रँट डफने कागद जाळले’ अशी दंतकथा पसरली आणि दीर्घकाळ टिकली. एका इतिहासकाराच्या विश्वासार्हतेवर डाग पडला, आणि एका समाजाचा आपल्या साधनांवरचा हक्क हरवल्याची भावना मागे राहिली.

१६/ यात चूक नक्कल न करण्याची नव्हती. चूक होती ती ठेवलेली नक्कल वेळोवेळी उघडून न पाहण्याची. बॅकअपच्या जगात ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की, तिच्यासाठी स्वतंत्र वैशिष्ट्य निर्माण करावे लागले. आजचे सॉफ्टवेअर ठरावीक वेळी बॅकअपमधील व्हर्च्युअल मशीन एका बंदिस्त, बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेल्या कोठडीत खरोखर सुरू करून पाहते. ते उठते का, त्याचा डेटाबेस उत्तर देतो का, हे तपासते, अहवाल लिहिते आणि मशीन पुन्हा बंद करते. ‘बॅकअप यशस्वी’ या शब्दांवर विसंबून राहण्याचे दिवस त्यामुळे सरले.

१७/ अशी परीक्षा कधी कधी इतिहासच घेतो, आणि तो तारीख आधी सांगत नाही. कंपनी सरकारने दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी सुरू केली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ दिले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन खाणाऱ्यांना अचानक विचारले गेले : सनद दाखवा. ज्यांच्या पेटीतून वाचण्याजोगा कागद निघाला ते तरले. ज्यांच्या पेटीतून वाळवीची माती निघाली, त्यांची इनामे धोक्यात आली. कागद होता, हे सांगून भागत नव्हते. तो त्या दिवशी उलगडता आला पाहिजे होता.

१८/ चौथा प्रश्न खोट्या कागदांचा. वतनाच्या तंट्यांत बनावट पत्रे पुढे करणे ही जुनी खोड. जुन्या मजकुरात एखादे नाव घुसडले, एखादा आकडा खरवडला की हक्क बदलला. म्हणून काही दाने तांब्यावर कोरली जात. कुब्ज विष्णुवर्धन या चालुक्य राजपुत्राचा, म्हणजे दुसऱ्या पुलकेशीच्या धाकट्या भावाचा, सातव्या शतकातील ताम्रपट साताऱ्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. तांब्यावर कोरलेले अक्षर मागाहून बदलले, तर खूण राहतेच. पत्रे कडीत ओवून कडीवर मुद्रा ठोकली की, मधले पान बदलणेही कठीण.

१९/ आजचे बनावटखोर म्हणजे खंडणीखोर व्हायरस. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरातील संगणक कुलूपबंद करून पैसे मागितले. पुढे अशा टोळ्यांनी आधी बॅकअपच नष्ट करण्याची पद्धत धरली, म्हणजे बळी पडलेल्याला पैसे देण्यावाचून गत्यंतर नाही. त्यावर उपाय म्हणून आली ‘अपरिवर्तनीय’ प्रत. अॅमेझॉनच्या साठवणूक सेवेने २०१८ मध्ये अशी कुलूपव्यवस्था दिली. वीमने २०२१ मध्ये लिनक्स सर्व्हरवर ती आणली. ठरवलेली मुदत संपेपर्यंत ही प्रत बदलता वा पुसता येत नाही. बॅकअप सॉफ्टवेअरच्या व्यवस्थापकाचा पासवर्ड चोरीस गेला तरीही नाही. ताम्रपटाचेच हे नवे रूप.

२०/ पाचवा प्रश्न जागेचा, आणि इथे सांगलीकरांना फार सांगावे लागत नाही. कृष्णेच्या काठचे हे शहर २००५ मध्ये बुडाले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याहून अधिक बुडाले. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या पुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजली. वरच्या फळीवर ठेवलेली प्रतही एकाच इमारतीत असेल, तर ती दुसरी प्रत नव्हे. ती पहिल्याच प्रतीची सोबतीण, बुडायला बरोबर जाणारी.

२१/ याच टापूत शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका शिक्षकाने या प्रश्नाचे उत्तर शोधले होते. वासुदेवशास्त्री खरे (१८५८-१९२४) हे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत. पटवर्धन सरदारांच्या दफ्तरांतील हजारो मोडी पत्रे त्यांनी वाचली, निवडली, देवनागरीत उतरवली, आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापायला आरंभ केला. हे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडले नाही. हैदर, टिपू आणि खर्ड्याच्या लढाईपर्यंतच्या राजकारणाचा आतला आवाज आज आपल्याला ऐकू येतो, तो बराचसा या खंडांतून.

२२/ छापणे म्हणजे काय? एका वाड्यातल्या एकुलत्या एका पत्राच्या शेकडो प्रती करून त्या शेकडो गावी ठेवणे. यापुढे एखादा वाडा पडो वा नदी चढो, मजकूर जात नाही. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी वाईकडे सापडलेल्या कागदांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तोही याच जाणिवेने. साताऱ्याचे द. ब. पारसनीस यांनी मेणवलीच्या नाना फडणीसांच्या दफ्तरासह मोठा संग्रह जमवला. त्यांच्या पश्चात, १९३९ मध्ये, तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला गेला. साताऱ्याचे धन साताऱ्याबाहेर गेले, याची चुटपुट लागते. पण आज अभ्यासकाला ते एका ठिकाणी सुरक्षित पाहता येते, हेही खरे.

२३/ आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘दुसऱ्या गावची प्रत’ आपोआप जाते : रात्री बॅकअप झाला की तो क्लाउडमध्ये, शेकडो मैलांवरच्या केंद्रात पोचतो. या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. क्लाउडमधील बॅकअपसाठी जगभर ओळखली जाणारी द्रुवा ही कंपनी २००८ मध्ये पुण्यात सुरू झाली. नाव ध्रुवताऱ्याची आठवण करून देणारे. आपली जागा न सोडणारा तो तारा.

२४/ सहावा प्रश्न वाचता येण्याचा. खऱ्यांनी पत्रे केवळ छापली नाहीत, मोडीतून देवनागरीत आणली. मोडी वाचणारे कमी होत गेले, तेव्हा हीच प्रत बोलकी राहिली. व्हर्च्युअल मशीनचेही तसेच आहे. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर अनेक संस्था दुसऱ्या हायपरवायझरकडे वळू लागल्या. एका कारभाऱ्याच्या लिपीतील प्रत दुसऱ्याला वाचता आली पाहिजे, ही गरज उभी राहिली. म्हणून २०२४ मध्ये वीमने प्रॉक्समॉक्स या मुक्तस्रोत प्रणालीसाठी बॅकअप आणि पुनःस्थापनेची सोय दिली. जुनी प्रत, नवी लिपी.

२५/ शेवटी एक अवघड गोष्ट. शाहूकाळात नकला कोणाच्या निघाल्या? ज्यांना वतन होते त्यांच्या. मिरासदाराजवळ कागद होता. उपरी कुळाजवळ नव्हता. रोजंदारीवर राबणाऱ्याची, गाव सोडून परागंदा झालेल्याची नोंद क्वचितच कोणी दोन ठिकाणी ठेवली. म्हणून आपण जो भूतकाळ पुन्हा उभा करतो, तो ज्यांच्या प्रती झाल्या त्यांचाच असतो. आजच्या यादीतही एखादा सर्व्हर नोंदवायचा राहतो आणि गेल्यावरच त्याची आठवण होते. त्यावर उपाय म्हणून ठरावीक खूण असलेले प्रत्येक नवे मशीन आपोआप बॅकअपमध्ये घेणारे नियम सॉफ्टवेअरमध्ये आले. समाजाच्या स्मृतीसाठी असा नियम कोणी आपोआप लावून देत नाही. तो आपणच लावायचा असतो.

२६/ सारांश एवढाच : प्रत असणे आणि परत उभे राहता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रत दुसऱ्या जागी हवी, कोणी न बदलू शकेल अशी हवी, वाचता येईल अशा लिपीत हवी, आणि अधूनमधून उघडून पाहिलेली हवी. ग्रँट डफच्या संचाला यांतील शेवटची अट नडली. खरेशास्त्र्यांच्या खंडांनी चारही पाळल्या.

२७/ वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर, देवघराच्या फडताळात वा जुन्या ट्रंकेत मोडी कागदांचा एखादा गठ्ठा असेल. या पावसाळ्यापूर्वी तो उघडा. छायाचित्रे काढा, एक प्रत स्वतःजवळ, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे, एक एखाद्या संशोधन संस्थेकडे ठेवा. मोडी जाणणाऱ्याकडून निदान एक पत्र वाचून घ्या. त्यात कदाचित कुणाचे वतन नसेल, नुसता कर्जाचा हिशेब वा लेकीच्या लग्नाचे बोलणे असेल. तेही जपा. तीनशे वर्षांपूर्वी साताऱ्यास छत्रपतींची नवी राजवट उभी राहिली, ती कुणीतरी घरात जपून ठेवलेल्या अशाच कागदांच्या आधाराने.